तालुक्याच्या सुपुत्राची बातमी

2019 च्या जानेवारीत मी एक बातमी लिहिली होती. चार कॉलम, वर रंगीत फोटो. मथळा होता, 'तालुक्याच्या सुपुत्राने रोवला आंतरराष्ट्रीय झेंडा'. त्या बातमीबद्दल आज थोडं बोलायचंय. पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा.

पोरगा आमच्याच तालुक्यातला. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कमेंटमध्ये नाव टाकू नये ही विनंती. बी.ए. झालेला, लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा धरणारा. त्यानं मित्रांना घेऊन पाण्याच्या टँकरवर 17 मिनिटांची शॉर्टफिल्म केली होती. मी पाहिली. खरंच चांगली होती. टँकर आल्यावर बाया घागरी घेऊन धावतात, हे आपण बातम्यांमध्ये शंभर वेळा पाहिलंय. या पोरानं टँकर निघून गेल्यावरही कॅमेरा तिथंच ठेवला. चिखल, एक फुटकी घागर, आणि चाकाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी वाटीनं भरून घेणारी एक म्हातारी. मला तेव्हाच वाटलं, या पोराला नजर आहे.

त्या फिल्मला परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात 'बेस्ट डेब्यू'चं सर्टिफिकेट मिळालं. तो पेढे घेऊन ऑफिसात आला. मी बातमी केली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात सहा 'क' शिकवतात : कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. त्यातला एकही मी विचारला नाही. महोत्सव भरला कुठं? फिल्म किती लोकांनी पाहिली? परीक्षक कोण होते? प्रवेश फी किती भरली?

हे सगळं मला नंतर कळलं. ऑनलाइन फॉर्म भरायचा, डॉलरमध्ये फी भरायची, आणि दर महिन्याला 'निकाल' लावणारे महोत्सव जगात ढिगानं आहेत. काहींना ना थिएटर असतं, ना प्रेक्षक. सर्टिफिकेट मेलवर येतं, ट्रॉफी हवी तर तिचे पैसे वेगळे. पोरानं फसवलं नव्हतं, त्यालाही ते खरंच वाटत होतं. विचारायचं काम माझं होतं.

बातमी आल्यावर पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. चौकात फ्लेक्स लागला. लोकप्रतिनिधींनी शाल-श्रीफळ दिलं. कॉलेजात व्याख्यान झालं. 'सैराट' येऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस शंभर कोटींचा मराठी सिनेमा करू शकतो, तर आपला का नाही, असं प्रत्येक तालुक्याला वाटत होतं. वाटण्यात चूक काहीच नव्हती. पण नागराज मंजुळेंचा मधला रस्ता आम्ही कोणी नीट सांगितलाच नाही. नगरच्या कॉलेजात कम्युनिकेशनचं शिक्षण, तिथं केलेली 'पिस्तुल्या', तिला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार, मग 2013 चा 'फँड्री', आणि मग 2016 चा 'सैराट'. 'सैराट' हा त्यांचा दुसरा मोठा सिनेमा. त्याच्या आधी कितीतरी वर्षं गेलेली. आम्ही शेवटचा आकडा छापला आणि वर्षं गाळली.

भाऊराव कऱ्हाडेंच्या 'ख्वाडा'चंही तसंच. शेतजमीन विकून सिनेमा केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 'जमीन विकली' हाच आम्हा पत्रकारांचा आवडता मथळा झाला. ही सवय जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने मोडले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ऐकताना अंगावर काटा येतो. हेच फाळके 1944 साली नाशिकमध्ये हलाखीत गेले, ही पुढची ओळ भाषणात सहसा कोणी म्हणत नाही.

तर, माझी बातमी आणि 'ख्वाडा'ची बातमी, दोन्ही एका घरात वाचल्या गेल्या. पोराच्या वडिलांची सहा एकर जमीन, त्यातली दोन रस्त्याच्या कडेची. 2021 च्या शेवटी ती दोन गेली. आईचे दागिने पतसंस्थेत गेले. 2022 च्या उन्हाळ्यात पूर्ण लांबीच्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. विषय होता एका शेतकऱ्याची बैलजोडी. बैल घरचेच, घरही त्यांचंच. 28 दिवस शूटिंग चाललं. मी दोनदा सेटवर गेलो, फोटो काढले, परत बातमी केली.

मग वर्षभर काहीच ऐकू आलं नाही.

2023 च्या पावसाळ्यात एके दिवशी त्याचे वडील ऑफिसात आले. हातात माझी 2019 ची बातमी, लॅमिनेशन केलेली. खुर्चीवर बसले नाहीत, टेकून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिलंय म्हणून विचारतो. एवढं नाव झालं म्हणता, तर पैसे कवा सुरू हुत्यात?"

आवाजात राग नव्हता. पगार कधी सुरू होतो, असं विचारावं तसं विचारलं. मी चहा मागवला. उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या दिवसापासून मी हा धंदा समजून घ्यायला लागलो. जे काम 2019 ला करायचं ते 2023 ला.

समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

सिनेमा शूट झाला म्हणजे निम्मासुद्धा झाला नाही. एडिटिंग, डबिंग, साऊंड, पार्श्वसंगीत, रंगकाम, सगळं पुढं उरतं आणि सगळं शहरात होतं. आमच्या पोराचे पैसे शूटिंगमध्येच संपले. स्टुडिओचं बिल थकलं आणि स्टुडिओनं हार्ड डिस्क अडवून ठेवली. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. मग शहरातला एक 'पार्टनर' पुढं आला. त्यानं बिल भरलं, आणि कागदावर निर्माता म्हणून स्वतःचं नाव घातलं. पोरानं सही केली. त्याला वाटलं, निर्माता कोणीही असू दे, सिनेमा तर माझाच आहे.

इथं कायदा काय म्हणतो ते कुठल्याही सत्कारात कोणी सांगत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे. गोष्ट तुमची, बैल तुमचे, जमीन तुमची विकलेली, पण कागदावर निर्माता दुसरा असेल तर सिनेमा त्याचा. वेगळा करार करून काही हक्क राखून ठेवता येतात. त्यासाठी सही करण्याआधी वकील लागतो. आमच्याकडे प्लॉट घेताना माणूस सातबारा दहा वेळा बघतो. सिनेमाचा सातबारा असतो, हेच कोणाला माहीत नाही.

दुसरी गोष्ट बैलांची. सिनेमात जनावर दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. त्याचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला. शूटिंगच्या आधी अर्ज, जनावरांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि ते असेल तरच सेन्सॉरचं पुढं सरकतं. जनावरांचे हाल होऊ नयेत म्हणून हा नियम आहे, तो योग्यच आहे. पण घरच्या गोठ्यातला बैल घरच्याच पोरानं शूट करायला परवानगी लागते, हे त्या पोराला शूटिंग झाल्यावर कळलं. कागद होते तेवढ्या भागाचे सीन राहिले. बाकीचे कापावे लागले. बैलजोडीच्या सिनेमात बैल जेमतेम उरले.

तिसरी गोष्ट अनुदान. महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, गोरेगावच्या चित्रनगरीतून ही योजना चालते. समिती सिनेमा बघते, दर्जा ठरवते. तेव्हा 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख मिळायचे. योजना चांगली आहे, तिच्यामुळे बरेच सिनेमे बुडता बुडता वाचले. पण हे पैसे सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर मिळायचे. आणि मिळतात निर्मात्याला. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याच्यासाठी ही परतफेड. ज्याच्याकडे दोन एकर आहे त्याला आधी दोन एकर विकावीच लागते.

चौथी गोष्ट थिएटर. डिजिटल प्रोजेक्शन आल्यापासून रिळांचा खर्च गेला, त्या जागी व्हीपीएफ नावाची फी आली. पडद्यावर सिनेमा चढवायचा तर ती निर्मात्यानं भरायची. पोस्टर, जाहिरात वेगळी. आणि मग शो कितीचा मिळणार? 2015 साली मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमा प्राइम टाइममध्ये दाखवायची सक्ती झाली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. शेवटी प्राइम टाइमची व्याख्या दुपारी 12 ते रात्री 9 अशी ताणली गेली.

आमच्या पोराचा सिनेमा 2024 मध्ये लागला. आमच्या तालुक्याला थिएटर नाही. दोन होती, एकाचं मंगल कार्यालय झालं, दुसऱ्याच्या जागी गाळे निघाले. म्हणून जिल्ह्याच्या गावी, सकाळी पावणेदहाचा शो. आम्ही पहाटे निघालो. सभागृहात मोजून 11 माणसं. त्यात मी, पोरगा, त्याची आई, कॅमेरामन आणि आमच्या ऑफिसचे दोघं. म्हणजे तिकीट काढून आलेली परकी माणसं पाच. त्यातलं एक जोडपं मध्यंतरातच उठलं.

वडील आले नव्हते. त्या आठवड्यात लाईट सकाळची होती, उसाला पाणी द्यायचं होतं. म्हणाले, रविवारी बघतो. रविवारपर्यंत सिनेमा उतरला होता.

मग नवख्या माणसानं सिनेमा करूच नये का? असं मी म्हणत नाही. ज्यांचं जमलं त्यांच्याकडे बघितलं की एक गोष्ट दिसते.

चैतन्य ताम्हाणेनं 'कोर्ट' केला तेव्हा त्याला मोठ्या सिनेमाचा अनुभव नव्हता. पण निर्माता विवेक गोंबर यानं लिहिण्याच्या काळात त्याला दरमहा पैसे दिले. आधी लिहायला वेळ, मग परदेशातला एक फंड, मग सिनेमा. त्याला 2014 मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला, नंतर राष्ट्रीय पुरस्कार, आणि भारताकडून ऑस्करलाही तोच गेला. रोहन कानवडे फिल्म स्कूलला गेलेला नाही. त्याच्या 'साबर बोंडं'ला 2025 मध्ये सनडान्सला परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण त्याआधी ती पटकथा कितीतरी वर्षं वेगवेगळ्या कार्यशाळांतून फिरली, तपासली गेली, पुन्हा लिहिली गेली. गोव्यात इफ्फीच्या वेळी एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो, तिथं अर्धवट झालेला सिनेमासुद्धा जाणकारांना दाखवता येतो, निर्माते भेटतात. माझ्या पोराला हे नावसुद्धा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी म्हणे मीडियातला माणूस.

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात झाला, गावातलीच माणसं घेऊन. 2023 च्या सप्टेंबरात टोरांटोला दाखवला गेला, तिथं त्याला पुरस्कारही मिळाला. आपल्या थिएटरात लागला 2025 च्या मार्चमध्ये. मधे दीड वर्ष. टोरांटोचा पुरस्कार खिशात असलेल्या माणसालाही दीड वर्ष लागतं. मेलवर आलेल्या सर्टिफिकेटचं काय होणार?

या सगळ्यात मला दिसलं ते एवढंच. टाळ्या आपण सुरुवातीला वाजवतो, सरकार पैसे शेवटी देतं, आणि मधली चार-पाच वर्षं पोराच्या आईबापाच्या अंगावर असतात. जे तरले त्यांना त्या मधल्या वर्षांत कोणीतरी हात दिलाय.

आता काय करता येईल, माझ्या अक्कलेप्रमाणे.

एक. अनुदानातला थोडा भाग पटकथा तपासून आधी द्यावा. पहिल्या सिनेमासाठी, हप्त्यानं, हिशेब घेऊन. काही पैसे बुडतील. बुडू द्या. घरकुलाचा पहिला हप्ता भिंत उभी राहायच्या आधी देतोच ना आपण?

दोन. तालुक्याच्या गावात सरकारी पैशानं बांधलेली सांस्कृतिक भवनं, नाट्यगृहं कुलूप लावून पडलीत. तिथं प्रोजेक्टर, स्क्रीन आणि बरा साऊंड बसवायचा खर्च एका कमानीच्या खर्चापेक्षा जास्त नसेल. आपल्या माणसाचा सिनेमा आपल्या माणसांना पन्नास रुपयांत बघता आला पाहिजे. पूर्वी जत्रेत तंबू टॉकीज यायचीच की.

तीन. जिल्हा पातळीवर वर्षातून दोन दिवस या पोरांना करार, हक्क, सेन्सॉर, परवानग्या समजावून सांगा. वक्ता म्हणून नट बोलवू नका. एक वकील आणि एक प्रॉडक्शन मॅनेजर बोलवा.

चार. हे आम्हा पत्रकारांसाठी. 'सुपुत्र' हा शब्द लिहिण्याआधी सहा 'क' विचारा. आणि कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पोराला सातवाही विचारा : हक्क कोणाच्या नावावर?

पोराचं सध्या काय चाललंय, हे विचारणार तुम्ही. साताऱ्याकडे एका मालिकेच्या सेटवर सहायक आहे. बारा-बारा, चौदा-चौदा तास. पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात, पण येतात. पतसंस्थेचा हप्ता त्यातूनच जातो. काम शिकतोय, असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. परवा फोनवर म्हणाला, "दादा, नवीन लिहितोय. पण बातमी नको हां." मी म्हटलं, बातमी करत नाही, आधी वाचायला दे. चाळीस पानं पाठवलीत. दोनदा वाचली. नजर तशीच आहे त्याची.

जमिनीचं विचाराल तर, रस्त्याकडेच्या त्या दोन एकरांवर आता प्लॉटिंगचा बोर्ड आहे. गावात जाताना डाव्या हाताला दिसतो.

यंदाच्या जत्रेला तो दोन दिवस सुट्टी काढून आला होता. मी जिल्ह्याहून प्रोजेक्टर भाड्यानं आणला आणि शाळेच्या भिंतीवर ती टँकरची शॉर्टफिल्म लावली. तेवढी एकच त्याच्या हक्काची आहे. मोठा सिनेमा गावात लावायचा तर पार्टनरची परवानगी लागते, आणि पार्टनर फोन उचलत नाही. तीनेकशे माणूस असेल. ती चिखलातली म्हातारी आता हयात नाही. ती पडद्यावर आली तशी पटांगणातली कुजबुज थांबली. संपल्यावर लोक म्हणाले, परत लावा. परत लावली. तिसऱ्यांदाही लावली.

वडील सगळ्यात पुढं, पोत्यावर बसले होते. पोराचं काम त्यांनी माणसांत बसून पहिल्यांदाच बघितलं. तिसऱ्यांदा संपल्यावर ते उठले, धोतर झटकलं आणि माझ्याजवळ आले. म्हणाले, "झाक हाय. आता ते दुसरं लावा. आपल्या बैलाचं."

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी खाली बसून प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली.